गंगूमावशीची मर्जी

तास चालू असताना शिपाई वर्गाच्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या मावशीला मोठ्या दवाखान्यात नेलंय." मी हातातल्या खडूसकट तशीच निघाले. संध्याकाळपर्यंत गंगूमावशी गेली... आता दीड महिना होत आला. अजून तिचं नाव निघालं की मला आधी राग येतो आणि मग रडू. राग अशासाठी, की ही बाई न भांडता गेलीच कशी? कळत्या वयापासून तिनं कुणाचं काही गुमान ऐकलं असेल तर शपथ!

नकळत्या वयात मात्र ऐकावं लागलं होतं. सांगोल्याकडं मेंढरं राखणाऱ्या घरात ती जन्मली. परकरात होती तेव्हाच बोहल्यावर चढवली, आणि संसार म्हणजे काय ते कळायच्या आत कपाळ पांढरं झालं. मग घरच्यांनी दिराशी पाट लावायचं ठरवलं. हे दुसरं लग्नही तिला न विचारताच. तेव्हा ती सोलापूरची एसटी धरून थेट आमच्या दारात, थोरल्या बहिणीकडं, येऊन उभी राहिली. माझ्या वडिलांनी तिला गिरणीत चिकटवली. काही वर्षांनी ती राजय्या नावाच्या तेलुगू विणकराबरोबर राहायला गेली, तेही लग्नाशिवाय. माझ्या आईनं कपाळावर हात मारला. "अगं, निदान दोन हार तरी घाला!" मावशी म्हणाली, "एकदा मला न इचारता लगीन झालं. आता एकमेकास्नी इचारून ऱ्हातोय, त्येवढं बास की."

गल्लीनं नावं ठेवली. बायका हळदीकुंकवाला बोलवेनात, आईनंही अबोला धरला. मी मात्र शाळा सुटली की तिच्याकडंच. राजय्याकाका हातमागावर बसलेले असायचे, मावशी गिरणीतून येऊन स्टोव्ह पेटवायची, आणि बारीकसारीक गोष्टीवरून दोघांची भांडणं लई रंगायची. दर भोगीला मात्र दोघं नवे कपडे घालून सिद्धरामाच्या जत्रेत, गड्ड्यावर, संमती कट्ट्यापाशी गर्दीत उभे राहायचे. तिथं सिद्धरामाच्या योगदंडाशी कुंभाराच्या लेकीचं लग्न लागतं, आणि सारं गाव अक्षता टाकतं. 'दिड्डम, दिड्डम' असा गजर झाला, की हे दोघं सगळ्यांबरोबर अक्षता उडवायचे आणि त्यातली चिमूट एकमेकांच्या डोक्यावर टाकायचे. त्यांचं लग्न ते तेवढंच, दरसाल नव्यानं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि काकांच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं. मावशीच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जायचे. "मला इचारलं व्हतं का?" म्हणून ती दर पगाराला सरकारच्या नावानं बोटं मोडायची. आता तोच विमा कामी येणार होता, पण दवाखान्यातल्या कारकुनाला काका तिचे नवरे असल्याचा पुरावा हवा होता. मी सोबत होते, तोवर कॉलेजात जायला लागलेली.

"लग्न कधी झालं?" त्यानं विचारलं.

"दर भोगीला हुतंय की," मावशी म्हणाली.

"बाई, ते देवाचं लग्न!"

"मग? अक्षता आमच्या बी डोक्यावर पडत्यात."

कारकुनाला हसू फुटलं, मलाही. पण औषध काही मिळालं नाही. नियम तो नियम. पैसे कापताना कुणी विचारत नाही आणि औषध देताना मात्र लग्न विचारतात, याचा मला आजही संताप येतो. रजिस्टर लग्न करून या, असं तोच कारकून म्हणाला. मावशी घरी येईपर्यंत तयारही झाली, तर काका अडून बसले. खोकत खोकत म्हणाले, "नक्को गंगू. पहिलं घरवाल्यांनी लावलं, आता सरकार लावतंय. दवाखान्यासाठी हो म्हणू नको."

मावशी भडकली. "मुडद्या, सरकार गेलं खड्ड्यात! तू जगावास आसं मला वाटतंय. ही माझी मर्जी हाय, दुसऱ्या कुनाची न्हाय. आता तुझी काय हाय ती बोल!"

काकांनी हळूच होकाराची मान हलवली. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि आईनंही, नाक मुरडत का होईना. पुढं सुया टोचून घेत घेत काका हळूहळू खडखडीत बरे झाले. राग गिळून सांगते, त्या विम्यानंच ते वाचले.

यंदा मात्र मावशीचीच पाळी आली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती बेशुद्ध होती. आतडं फुटलंय, ताबडतोब पोट उघडावं लागेल, नवऱ्यानं सही करावी, असं डॉक्टर म्हणाले. काका तिच्या कानाशी वाकले. "गंगू, कापायचं म्हणतात. करू का सही?" पुन्हा पुन्हा विचारत राहिले... ती शुद्धीवर कुठं होती? डॉक्टर घाई करत होते. शेवटी काकांनी सही केली. ऑपरेशनच्या टेबलावरून मावशी काही परत आली नाही.

परवा काकांकडं गेले होते. माग बंद होता. काका म्हणाले, "तिला न विचारता एवढी एकच गोष्ट केलो मी. ती हो म्हणाली असती का गं?"

धीर द्यायचा म्हणून मी काय काय ठरवून गेले होते. ते सगळं बाजूला ठेवलं. मी म्हणाले, "आणि नाही म्हणाली असती, तर तुम्ही सही केली नसती?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "केलो असतो," ते म्हणाले. "तिच्याशी भांडून केलो असतो."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते मोठ्यानं रडले. मी त्यांना रडू दिलं.