बाल्टीवाली ताईजी

मुरलीपुऱ्यात आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या सुनंदाताईंना अख्खी वस्ती बाल्टीवाली ताईजी म्हणायची. मूळच्या त्या भुसावळच्या. यजमानांची, वसंतरावांची, रेल्वेत बदली झाली म्हणून जयपूरला आल्या, आणि ते निवृत्त झाल्यावर इथंच राहिल्या. मागच्या निवडणुकीत त्या कुठल्याही पक्षाशिवाय उभ्या राहून पार्षद झाल्या, म्हणजे आपल्याकडचे नगरसेवक. चिन्ह मिळालं बादली. मग स्वयंपाकघरातली लाल बादली हातात घेऊनच त्या प्रचाराला निघाल्या. मागच्या कच्च्या वस्तीतल्या बायकांना वाचता येत नव्हतं. ताई प्रत्येकीला मतदान यंत्राचं चित्र काढून दाखवायच्या. "नाव राहू दे, नुसती बाल्टी ध्यानात ठेव."

निवडून आल्यावर त्यांनी त्या वस्तीत नळ आणला. त्यासाठी किती उंबरे झिजवले ते मी पाहिलंय. चैत्रात हळदीकुंकवाला माझ्याकडे आल्या तेव्हाही पायांना चिखल होता, थेट पाइपच्या खड्ड्यातून आलेल्या.

यंदा पुन्हा उभं राहायचं ठरलं. घरातले सगळे कागद वसंतरावच भरायचे, तेव्हा उमेदवारी अर्जही त्यांनीच भरला. त्यात चिन्ह कोणतं हवं त्याचा रकाना होता. तो त्यांनी कोराच ठेवला.

"अहो, इथं काहीतरी लिहायचंय," ताई म्हणाल्या.

"बाल्टी आपलीच आहे. सगळ्या जयपूरला माहीत आहे. ती कन्फर्म आहे!" असं म्हणून त्यांनी खाली ताईंची सही घेतली. जन्मभर रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे बसलेला माणूस!

अपक्षाचं चिन्ह दर वेळी नव्यानं मागावं लागतं. पलीकडच्या वॉर्डातल्या एका माणसानं आमच्या वॉर्डातून अर्ज भरून रीतसर बाल्टी मागितली, त्याला ती मिळाली. ताईंची मतं फोडायला त्याला कोणी उभं केलं हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ताईंच्या वाट्याला इस्त्री आली.

ताई पुन्हा घरोघर फिरल्या. मीही बरोबर जायचे. "बाल्टी नहीं, इस बार इस्त्री," सांगून सांगून त्यांचा घसा बसला. वस्तीतली केसरबाई हसून म्हणाली, "ताईजी, मजाक मत करो. इस्त्री से पानी आता है क्या?"

"आता नहीं, पर मैं इस्त्री हूँ अब."

"आप तो हमारी बाल्टी हो!" म्हणत तिनं कडाकडा बोटं मोडून ताईंची दृष्ट काढली. ताई तिथं हसल्या. कोपऱ्यावर येऊन मात्र भिंतीला टेकल्या.

मतदानाच्या दिवशी मी देवापुढे निरांजन लावून त्यांचंच नाव घेतलं. निकालात पक्षाचा उमेदवार निवडून आला. बाल्टी दुसरी. तो माणूस एकदाही वॉर्डात फिरकला नव्हता. इस्त्री तिसरी. ताईंनी वसंतरावांना एका शब्दानं विचारलं नाही. संध्याकाळी दोघांचं पान वाढलं, आपलं मात्र तसंच झाकून ठेवलं.

पंधरवडाही गेला नाही तोच वस्तीतल्या नळाला गढूळ पाणी यायला लागलं. केसरबाई चार बायका घेऊन आली. मी ताईंकडे मेथी निवडत बसले होते.

"मी आता पार्षद नाही गं. हार गई मैं," ताई म्हणाल्या.

"कैसे हार गई? हम सबने बाल्टी ही दबाई. मेरी सास को तो खटिया पर उठाके ले गए थे!"

"ती बाल्टी माझी नव्हती. सांगत होते ना तुला?"

"तो किसकी थी?" केसरबाईचा आवाज चढला. "पाँच साल बाल्टी बाल्टी सिखाया. अब वोट ले लिया तो बाल्टी मेरी नहीं! सब एक जैसे निकले."

बाकीच्या बायकांनी मान हलवली. त्या जिना उतरताना एकजण मोठ्यानं म्हणाली, "चलो, इसका भी पेट भर गया."

वसंतराव आतून सगळं ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "मी जाऊन समजावून सांगू का त्यांना?"

"काय सांगाल?" ताई मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या. "कन्फर्म होती म्हणून?"

ते चपला घालून दारात उभे राहिले. मग चपला काढून पुन्हा आत गेले.