व्हर्लिनचा अर्क

हम्बोल्टच्या आमच्या डोंगरात बुरशी लागलेला गांजा कोणी फेकत नाही. तो अर्काला जातो. करडी पडलेली बोंडं, कुजके देठ, कुत्रं ज्यावर झोपलं तो पाला, सगळंच. लायटरमध्ये भरायचा गॅस त्यातून सोडला की खाली मधासारखं काहीतरी उतरतं, आणि ते कशातून आलं हे कोणी विचारत नाही.

व्हर्लिन स्टाडलर या कामात नावाजलेला. बाप रेडवुडची उंच झाडं तोडायचा, तोही मिसरूड फुटताच करवत घेऊन जंगलात गेला. लाकडाची गिरणी बंद पडल्यावर त्याने गांजा लावला. मला ट्रक चालवायला त्यानेच शिकवलं. साहित्याची पदवी घेऊन मी परतले, तेव्हापासून तो मला पंडितबाई म्हणतो.

पलीकडच्या खोऱ्यात याच धंद्यात गॅसचा भडका होऊन एकाचं स्वयंपाकघर उडालं होतं. म्हणून व्हर्लिन हे सगळं घराबाहेर, मागच्या ओट्यावर करायचा, आणि याला तो अक्कल म्हणायचा.

त्या दुपारी मी गेले तर ओट्यावर पिशवी उघडी होती. समुद्रावरचं धुकं यंदा लवकर येऊन उभं पीक भिजलं होतं. पिशवीतला माल मेलेल्या उंदरासारखा ओलसर, केसाळ. वास घशात चिकटला.

"हे कोणासाठी?"

"आईसाठी."

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या आईला, ऑर्फाबाईंना, फुप्फुसाचा कर्करोग. ब्रेडवर लोणी आणि त्यावर या अर्काचा थेंब, एवढ्यानेच त्यांच्या पोटात अन्न टिकायचं. उपचारांनी अंगात रोगाशी लढायची ताकद उरली नव्हती. डॉक्टरांनी घरातल्या कुंड्यासुद्धा बाहेर काढायला लावल्या होत्या, मातीतली बुरशी नको म्हणून.

"चांगला माल माळ्यावर टांगलाय ना?"

"तो गिऱ्हाइकाचा."

"व्हर्लिन, ही बुरशी आहे."

"गॅसमध्ये सगळं मरतं, पंडितबाई. तुझ्या पुस्तकात नसेल."

"मेलं तरी त्याचं विष राहतं."

"सगळं खोरं हेच करतं. कोण मेलं?"

"कोणी मोजलंय?"

तो हसला. हात पँटला पुसून त्याने त्याच मालातून बशीत उतरलेला तपकिरी चिकट गोळा चमच्यावर घेतला आणि आत गेला. गॅसचा वास त्याच्यामागोमाग आत शिरला. मीही गेले.

ऑर्फाबाई खिडकीशी बसल्या होत्या. डोक्याला रुमाल. पुढ्यात ब्रेड तयार. ओटा त्या खिडकीखालीच होता.

"आई, ताजा आहे."

त्यांनी चमचा घेतला, नाकाशी नेला. मी तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने मला थांबवलं.

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत माझे." मग चमचा त्याच्यापुढे धरला. "आधी तू."

"मला नाही चालत ते. डोकं जड होतं."

"थेंबभर घे. मेलेलंच आहे ना सगळं?"

व्हर्लिन चमच्याकडे बघत राहिला. जंगलात अंगावर झाड येताना न हललेला माणूस. त्याचे ओठ घट्ट मिटले, आणि नाकपुड्या आक्रसल्या. त्याला माहीत होतं. इतके दिवस माहीत होतं.

ऑर्फाबाईंनी चमचा बशीत उपडा ठेवला. ब्रेड कोरडाच उचलला, एक घास घेतला. थोड्याच वेळात तो घास उलटून वर आला. व्हर्लिन कोपऱ्यातली बादली घेऊन पुढे झाला.

"ती बादली दे गं," त्या मला म्हणाल्या. "त्याच्या हातची नको."