थोरलीची बाबागाडी

माझ्या मुलीसाठी मी बाबागाडी घ्यायला निघाले तेव्हा ती तीन वर्षांची व्हायला आली होती. सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीत त्या वयाची पोरं आयांना दमवत पळायची, गटारात चपला टाकायची, कुत्र्यांच्या शेपट्या ओढायची. माझी पोरगी अजून मानही नीट धरत नव्हती. सरळ बसवली की क्षणभर सरळ, मग डोकं हळूहळू एका खांद्यावर कलंडायचं. "एवढ्या मोठ्या मुलीला आता कशाला गं बाबागाडी?" असं कुणी विचारलं, की मी आधी विचारणारीचं तोंड नीट पाहून घ्यायचे. उत्तर द्यावं असं वाटलं तरच द्यायचे.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. ऐंशी सालानंतर सिल्वासात धडाधड कारखाने उघडत होते, तेव्हा यांना धाग्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरची नोकरी लागली आणि आम्ही दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. सासूबाईही सोबत आल्या. मुलगी इकडेच झाली. जन्मली तेव्हा उशिरा रडली, एवढंच मला त्या वेळी सांगितलं गेलं. "रडली ना शेवटी? मग झालं तर," असं म्हणून सासूबाईंनी साखर वाटली होती.

झालं कुठलं! सहा महिन्यांत वळली नाही, वर्षाची झाली तरी बसली नाही. तेल झालं, अंगारे झाले, रांधा गावच्या एका भगताचा धागा झाला. शेवटी मी हट्टच धरला आणि आम्ही तिला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचे पाय वाकवून पाहिले, डोळ्यांपुढे बॅटरी फिरवली आणि सरळ सांगितलं, "ही चालेल अशी आशा ठेवू नका. पण बसायची सोय आत्ताच करा. पाठीला कडक आधार हवा, दोन्ही बाजूंनी हवा. नुसती निजवून ठेवलीत तर पाठ वाकेल, छाती दबेल, घास नीट उतरणार नाही." मी विचारलं, "बाबागाडी चालेल का?" ते म्हणाले, "चांगली भक्कम पाहून घ्या. आणि बाहेर फिरवा तिला, माणसं बघू द्या."

परतताना हे वापी येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांच्या मनाला लागलं असेल. लागलंच होतं, पण आठवडाभरात यांनी घरी काय आणलं? पांगुळगाडा! तीन चाकांचा, सागाचा, वर लाल-हिरवा रंग दिलेला. ज्याचा दांडा धरून पोरं पहिली पावलं टाकतात, तो.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले आणि तुम्ही काय आणलंत?"

"डॉक्टर म्हणजे देव नाही. आमच्या घरातली सगळी पोरं यानेच चालायला लागली."

सासूबाईंनी लगेच री ओढली, "गाडीत घातलं की पोर पांगळं होतं. पायाला काम नको का?"

"पांगळं करायचं काम देवानेच करून ठेवलंय आई," मी म्हटलं. त्यावर दोन दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, स्वयंपाक तेवढा निवांत झाला.

एका रविवारी मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले होते. खाली आले तर पोरगी उभी होती. खरंच उभी होती, कारण बांधलेली होती. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या करून यांनी तिची कंबर आणि दोन्ही मनगटं पांगुळगाड्याच्या दांड्याला बांधली होती. हे पुढे उकिडवे बसून टाळ्या वाजवत होते. "बघ बघ, उभी राहिली!" यांचा चेहरा एवढा उजळला होता की ओरडावं की नाही, मला कळेना. तेवढ्यात यांनी गाडा थोडा पुढे ओढला. चाक उंबऱ्याला अडलं आणि गाड्यासकट ती तोंडावर आपटली. हात बांधलेले, टेकणार कशाने? ओठ फाटला, पुढचा एक दात गेला. ती लगेच रडली नाही, तिला रडूसुद्धा उशिरा यायचं. हे दातांनी गाठी सोडत होते, आणि सासूबाई म्हणत होत्या, या सरकारी मापाच्या क्वार्टरांचे उंबरेच मेले फार उंच. घ्या! उंबऱ्याचा दोष!

दुसऱ्या दिवशी मी माहेरून आलेले पैसे कनवटीला लावले, पोरीला कडेवर घेतलं आणि वापीची बस धरली. कुणाला विचारलं नाही. तिच्या ओठावर टाके होते आणि उन्हात ते काळे दिसत होते.

बाजारात पाळणे, सायकली, खेळणी विकणाऱ्या एका गुजराती शेठचं दुकान होतं. त्याने तीन गाड्या पुढे काढल्या. पहिली घडीची, सशांची चित्रं असलेली, दिसायला मोठी गोड. पण बसायची जागा नुसत्या कापडाची. पोरीला ठेवली तर ती झोळीत बसल्यागत खाली गेली आणि हनुवटी छातीला टेकली. ती मी तिथेच नाकारली. दुसरीला छत्री, घुंगरू, झालर, काय नव्हतं! मी पोरीला बसवलं, तिचं डोकं सवयीप्रमाणे डावीकडे कलंडलं आणि त्याबरोबर उजवं चाक जमिनीवरून उचललं गेलं. आमच्या रस्त्याला सगळी खडी, त्यात कारखान्यांचे ट्रक. अशी उलटणारी गाडी फुकट दिली तरी मला नको होती.

तिसरी कोपऱ्यात धूळ खात पडली होती. लोखंडी सांगाडा, चॉकलेटी रेक्झिन, मोठी रबरी चाकं. दिसायला अगदी कुरूप. पण बैठकीखाली फळी होती, पाठीलाही फळी होती, आणि पाठ हवी तेवढी उभी-आडवी करता येत होती. मी दुकानाच्या उतरत्या पायरीवर ती उभी केली, ब्रेक लावला आणि पूर्ण अंगाने ढकलून पाहिली. हलली नाही. डोक्यावरचं घडीचं झाकण पुढे-मागे करून पाहिलं, बोट चिमटतंय का तेही पाहिलं. शेठ हसायला लागला, "बेन, गाडी लो छो के ट्रक?"

"ट्रकच हवाय मला," मी म्हटलं. "कमरेचा पट्टा आहे, पण दोन पायांमधून येणारा कुठाय? ही खाली घसरेल."

"एवो पट्टो कोई मागतुं नथी बेन. बेबी केटला महिनानी?"

"महिने नाही. तीन वर्षांची होईल आता."

मग उगाच एक खुळखुळा काढून त्याने पोरीच्या हातात दिला. तिला तो धरता आला नाही, तो खाली पडला. त्याने उचलून पुसला आणि तिच्या मांडीवर ठेवला. भला माणूस होता, पण मला त्या दिवशी कुणाचा भला चेहरा बघवत नव्हता. गाडी घेतली, बाहेरच्या मोच्याकडून पायांमधला पट्टा शिवून घेतला, दोन्ही बाजूंना ठेवायला घट्ट उशा घेतल्या, आणि कंडक्टरशी भांडून गाडी बसच्या टपावर चढवली.

घरी आले तेव्हा हे कामावरून परतले होते. गाडीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. ती पहिल्यांदाच ताठ बसली होती आणि पंख्याकडे बघत होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले ते असं, "आणलीस तर आणलीस. घरातच ठेव. रस्त्यावर काढू नको."

"का?"

"का म्हणजे? माझ्या हाताखालची माणसं राहतात इथे. सगळ्या गावाला दाखवायचंय का?"

घरात हे तिच्याशी चांगले वागायचे, खोटं कशाला बोलू. जेवताना तिला भरवायचे, लाळ पुसायचे, तळपायाला गुदगुल्या करायचे. चार भिंतींच्या आत ती यांची लाडकी लेक होती. उंबऱ्याबाहेर ती नव्हतीच. आणि मला तर तेच हवं होतं, की तिच्या बापाने एकदा तरी चारचौघांत म्हणावं, ही माझी मुलगी. याहून जास्त मी तिच्यासाठी देवाकडेही मागितलं नाही, कारण मागून काय मिळतं ते पाहून झालं होतं.

मी गाडी बाहेर काढलीच. रोज संध्याकाळी सामरवरणीच्या रस्त्याने जायचे, जिथवर सागाची झाडं होती तिथवर. ती वर पानांकडे बघत एकदम शांत व्हायची. बायका गाडी बघून कौतुकाने पुढे यायच्या, झाकणाखाली वाकायच्या आणि त्यांचं हसू जागच्या जागी मरायचं. आत तान्हं बाळ नाही, दात पडलेली मोठी पोरगी. एकदा एक काकू आपल्या पोटुशी सुनेचा दंड धरून तिला मागे ओढायला लागल्या. मी म्हटलं, "काकू, घाबरू नका हो, गोवर नाही हा, लागायला." सून लाजून मेली. काकूंनी पुढे वर्षभर मला दारातून हाक मारली नाही. बरंच झालं.

मुलगी पाच वर्षांची असताना मला मुलगा झाला. तो जन्मल्याबरोबर असा कडकडून रडला की मीही रडले. तिसऱ्या महिन्यात मान धरली, वेळेवर वळला, सगळं वेळेवर. आणि एका संध्याकाळी हे वापीहून टेम्पो घेऊन आले. टेम्पोतून बाबागाडी उतरली. नवी कोरी, आकाशी रंगाची, मच्छरदाणीची, स्प्रिंगवर डुलणारी. सासूबाईंनी चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, गाडीला ओवाळलं.

मी दारात उभी राहून बघत होते. राहवलं नाही. "आई, गाडीत घातलं की पोर पांगळं होतं ना?"

"हा काय तसला आहे का?" त्या म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या, खोबरं वाटता वाटता.

मी यांच्याकडे पाहिलं. हे स्प्रिंग दाबून बघण्यात गुंग होते. संताप संताप झाला माझा. ही गाडी यांनी कशी पारखली असेल, ब्रेक लावून बघितला असेल का, हसत हसत भाव केला असेल का, हेच रात्रंदिवस मनात यायचं. आपल्याच पोराची गाडी माझ्या डोळ्यांत खुपत होती. त्यात त्या लेकराचा काय दोष!

मग हे रोज त्याला फिरवायला न्यायला लागले. कामावरून आले की हातपाय धुवायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि निघायचे. मी पोरीला घेऊन निघाले की यांना काहीतरी काम आठवायचं. मी परतले की हे निघायचे. दोन गाड्या कधी एका वेळी रस्त्यावर आल्या नाहीत. कशा येतील? त्या येऊ नयेत याचीच सगळी काळजी होती.

एका रविवारी मी ठरवलं, आज बघतेच. हे मुलाला घेऊन बाहेर पडले आणि मी पोरीला पट्टे लावून मागोमाग निघाले. ती आता खूप वाढली होती, पाय गाडीबाहेर लोंबायचे, वजन पेलावं म्हणून बैठकीच्या फळीला खालून मी दुसरी फळी बांधली होती. कॉलनीच्या फाटकापाशी पुण्याहून नव्याने बदली होऊन आलेले एक साहेब आणि त्यांची बायको उभे होते. यांनी ओळख करून दिली. ती बाई वाकून मच्छरदाणीतून मुलाला बघत होती. मी हाकेच्या अंतरावर होते.

"किती गोड हो! एकच का तुम्हाला?"

"एकच," हे म्हणाले.

अडखळले नाहीत, आवाज पडला नाही. रोजचंच उत्तर असावं तसं म्हणाले. त्यावरून मला कळलं की हे पहिल्यांदा म्हणत नव्हते.

मी गाडी तशीच ढकलत पुढे नेली आणि आकाशी गाडीला लावून उभी केली. त्या बाईंना म्हटलं, "नमस्कार. हा धाकटा. आणि ही यांची थोरली." बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघायला लागले. यांचा चेहरा पांढराफटक पडला. गाडी वळवली आणि हे ताडताड चालायला लागले, मुलाची गाडी खडीवर खडखडत होती.

बाप दिसला म्हणून पोरगी आधीच हरखली होती. तिने दोन्ही हात ताठ वर केले, अंग कडक झालं. हे पळायला लागलेले पाहून तिला वाटलं, खेळ चाललाय. ती खदाखदा हसायला लागली. एवढी मोठ्याने ती कधीच हसली नव्हती. हे वळणापलीकडे दिसेनासे झाले तरी ती हसतच होती.