तीन फुटी सम्प

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की घरातलं एकही भांडं अर्धं राहत नाही. बादल्या, पिंप, कळश्या, अगदी कुकरसुद्धा काठोकाठ. त्या दिवशी माझ्या नणंदेनं सम्पही भरला.

हे गेल्यावर सोबतीला म्हणून ती वळसंगहून आली होती. हॉलमधला चार फुटी फिश टँक ह्यांचा. त्याच्या खालच्या कपाटात काचेची आणखी एक टाकी असते, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी पाइपानं तिच्यात उतरतं, स्पंजातून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. लाइट गेली की पंप थांबतो, पण वरच्या टँकच्या काठाजवळचं पाणी आणखी थोडा वेळ खाली येतच राहतं. त्याच्यासाठी सम्पमध्ये जागा रिकामी ठेवायची असते. कुठवर भरायचं ते कळावं म्हणून ह्यांनी काचेवर काळी चिकटपट्टी लावली होती. नणंदेला वाटलं, तडा गेलाय म्हणून लावली असेल.

आम्ही जेवत असताना लाइट गेली. थोड्या वेळानं पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं.

“वैनी, मी एवढं भरून ठिवलं, आन् ह्यानं सगळं वकलं की!” फरशी पुसताना ती म्हणाली.

“वन्सं, ती पट्टी खुणेची होती.”

“मग तसं लिवायचं की त्येच्यावर. दादाचं समदं असंच, मनातल्या मनात.”

भारानं जुना सांधा सुटला आणि सम्प पाझरू लागला. नवा घेणं भाग होतं. किती मोठा घ्यायचा, एवढंच ठरवायचं होतं.

इथल्या उन्हाळ्यात टँकचं पाणी दिवसभर उडत राहतं, आणि घट दिसते ती सम्पमध्ये. जुन्यासारख्या दोन फुटी सम्पमध्ये रोज साठवणीचं पाणी घालावं लागतं, नाहीतर पंप कोरडा चालून जळतो. त्यामुळे हे गेल्यापासून मी एकही रात्र दुसरीकडे झोपले नव्हते. वाचनालयात गेले तरी हाताला येईल ते पुस्तक घेऊन परत. उन्हामुळे खिडक्या लावलेल्या, आत पंपाची घरघर, पाणी पडत राहण्याचा आवाज. वाचायला बसले की एकाच पानावर अडकायचे. मुलगी दर रविवारी पुण्याहून फोन करायची, कधी येतेस म्हणून. मी म्हणायचे, माशांना पाणी कोण घालणार? ते खोटं नव्हतं.

फिश टँकचा दुकानदार ह्यांना ओळखत होता. “मॅडम, जुन्या मापाचाच घ्या, दोन फुटी. कपाटात झटक्यात बसतो.”

“आणि तीन फुटी?”

“तो घेतला तर आठवडाभर बघायला नको. पण कपाटातली मधली उभी फळी काढावी लागेल. साहेब तिथंच अडले होते. म्हणाले, फळी राहू दे.”

फळीपलीकडे ह्यांचं सामान होतं. खाद्याचे डबे, हिरवी जाळी, काच पुसायचा बनियनचा तुकडा. मी दोन फुटी सांगून आले. रस्त्यानं चालताना हायसं वाटत होतं.

नणंदेनं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “म्हंजे पुन्ना रोज पानी घालत बसायचं? दादा गेला, आन् तुमाला हितं डांबून गेला व्हय?”

“त्यांनी कुठे डांबलंय? मीच बसलेय,” मी म्हटलं. बोलून गेल्यावर ते मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन करून तीन फुटी सांगितला. टँकचं वजन लोखंडी सांगाड्यावर होतं, त्यामुळे सुतारानं फळी सहज काढली. नणंदेनं डबे आणि जाळी एका टबात ठेवली आणि बनियनचा तुकडा मला न विचारता धुऊन वाळत घातला. दोरीवर तो पांढरा दिसला तेव्हा मी आत निघून गेले.

नवा सम्प बसला. ह्यांच्यासारखीच काळी पट्टी लावून मी तिच्यापर्यंतच पाणी भरलं आणि पंपाचं बटण बंद केलं. आम्ही दोघी कपाटासमोर फरशीवर बसलो. घर एकदम शांत झालं. फक्त वरून पाणी उतरत होतं. ते पट्टीच्या वर चढलं, आणखी चढलं, आणि काठाखाली चार बोटं थांबलं.

“झालं. आता जावा की पुन्याला,” नणंद म्हणाली.

मी घाईनं बटण चालू केलं.

रविवारी मुलीचा फोन आला. तोच प्रश्न. या वेळी पाण्याचं कारण नव्हतं.

“येते,” मी म्हटलं. “पण आधी एकदा लाइट जाऊ दे.”

“आवो, परवाच बंद करून बगितलं की!” नणंद स्वयंपाकघरातून ओरडली.

“तशी नाही, वन्सं. आपली आपण गेलेली.”

त्या आठवड्यात लाइट एकदाही गेली नाही.