शिट्टीआधी सुटलेला बाण

मंडळी, आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी मी नववीतल्या नातीवर जळलो!

सकाळी बारामतीत तिच्या शाळेच्या तिरंदाजी क्लबात गेलो होतो. एक बाण मैदानात बांधलेल्या दोरीपलीकडं पडला. उचलायला वाकलो, तर गळ्यात शिट्टी अडकवलेली नात सगळ्यांसमोर ओरडली, "आबा, मागं व्हा! अजून दोघांच्या हातात धनुष्य हाय." सगळी धनुष्यं खाली ठेवल्यावरच तिनं शिट्टी वाजवली आणि पोरं बाण आणायला गेली.

ती शिट्टी बघून माझ्या पोटात दुखलं. पन्नासच्या दशकात आमच्या इंदापूरच्या शाळेत बांबूची धनुष्यं होती आणि निशाण म्हणून कडब्याची पेंढी. गुरुजींनी हात वर केला की बाण सोडायचा, एवढाच नियम; बाण आणायला जाताना बाकीच्यांना थांबवणारी शिट्टी नव्हती. डाळजचा भिवा, मेंढपाळाचा पोरगा, दर खेपेला मधोमध मारायचा. गुरुजी त्याची पाठ थोपटायचे आणि मी जळायचो.

एकदा भिवा पेंढीतला बाण काढायला गेला. गुरुजींचं तोंड दुसरीकडं होतं. मी थांबलोच नाही. माझा बाण भिवाचा कान फाडून गेला.

गुरुजी धावत आले. भिवा म्हणाला, "बाभळीचा काटा लागला, गुरुजी."

आज घरी येऊन भिवाला फोन केला. म्हटलं, "तू पेंढीपाशी हायस हे दिसत असून बाण सोडला होता मी."

"ठावं हाय की," तो हसला. "म्हणून तर काटा म्हणालो."

सत्तर वर्षं झाली, हा गडी अजून मला हरवतोय. कान त्याचा फाटला आणि जळतोय मीच. तुमचंही असं कुणी हाय का?