सोहारहून लागणारा दिवा

रंगूबाईच्या पडवीतला दिवा रोज संध्याकाळी ओमानहून लागायचा. थट्टा नव्हे, खरंच. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात कोंडमाळ नावाची लहानशी वाडी आहे. रंगूबाई तिथली; तिचा मुलगा राहुल ओमानमधल्या सोहारला एसी दुरुस्तीचं काम करतो. कामावरून खोलीवर आला की तो मोबाईलवर बोट टेकवायचा, आणि इकडे समुद्रापल्याड आईच्या पडवीतला बल्ब पेटायचा. मग रंगूबाई शेजारणीला हाक मारून सांगायची, "राहुलनं दिवा लावला गो!" शेजारणीला तो दिसतच असायचा, पण सांगितल्याशिवाय रंगूबाईला करमत नसे.

ही सगळी सोय झाली ती रंगूबाईच्या नवऱ्यासाठी, सदूसाठी, म्हणजे राहुलच्या आबांसाठी. जन्मभर ओढलेल्या बिड्यांनी शेवटी दावा साधला आणि त्यांची फुप्फुसं थकली. महाडच्या डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवायला सांगितलं. मशीन चालणार विजेवर, आणि पावसाळ्यात कोंडमाळची लाईट म्हणजे रुसलेली सून, कधी माहेरी जाईल आणि कधी परतेल याचा नेम नाही. तेव्हा राहुल सुट्टी काढून आला. स्वतः छपरावर चढून त्यानं सोलरची पॅनेलं बसवली, माजघरात भिंतीला मोठी बॅटरी लावली, आणि बॅटरीत किती चार्ज आहे ते सोहारला बसून दिसेल अशी व्यवस्था केली. पडवीतला दिवा आणि तिथला प्लग यांचं बटणही त्यानं मोबाईलला जोडून घेतलं. जाताना आईला एकेक वस्तू हात लावून दाखवली. "हे पडवीचं बटण मी तिथनं चालू-बंद करणार. आणि हितं जनित्राची वायर लागते, कधी वेळ आलीच तर. पण आये, बॅटरी आबांची हाय. दुसऱ्या कुणाचं काय लावायचं नाय."

"बरं," रंगूबाई म्हणाली.

तिचं 'बरं' म्हणजे ऐकलं, एवढंच. मानलं असं नव्हे. पोटच्या पोराला हे ठाऊक असायला हवं होतं.

पुढे राहुलला त्या मोबाईलचा नादच लागला. सोहारला ऊन इतकं की माणसं त्याच्यापासून तोंड लपवत फिरतात, आणि हा भर उन्हात जिन्याखाली उभा राहून कोंडमाळवर ढग आहेत का ते बघायचा. पहाटे आकडा जरासा हलला की आई उठली, चुलीपुढचा दिवा लागला. मग पुन्हा हलला की तिनं पाण्याचा पंप सुरू केला. आबांच्या मशीनची रेघ सगळ्यांच्या खाली सरळ चाललेली असायची. घरापासून इतक्या लांब राहून तो आईचा दिवस तिच्या पाठोपाठ जगत होता, आणि ही गोष्ट त्याला पगारापेक्षा गोड वाटायची.

त्या पावसाळ्यात वाडीच्या खाली दरड आली. मनुष्यहानी झाली नाही, पण विजेचे खांब आडवे झाले आणि रस्ता बंद पडला. ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर भरायला महाडला गेला होता, तो तिथेच अडकला. आभाळ असं दाटलेलं की पॅनेलांना उजेड चाटणापुरता मिळायचा. आबांचा श्वास आता एका बॅटरीवर होता.

आणि बॅटरी भराभरा उतरत होती. राहुल बघत राहिला. मशीनच्या रेघेवर दुसरीच काहीतरी ओढ दिसत होती, तीही दिवसभर. त्यानं फोन लावला.

"आये, काय लावलंयस बॅटरीवर?"

"माणसं येतात रे. चांगू आला, धोंडूची सारिका आली. पोरं मुंबईला, दरडीचं ऐकून घाबरलेली. मोबाईल बंद पडले तर कळणार कसं, हाय का गेला? पडवीत लावून देते जरा जरा."

"आये, मी काय सांगितलं होतं?"

"विस्तव मागायला आलेल्याला नाय म्हणतात काय रे?" रंगूबाई म्हणाली. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा काड्यापेटी वाचवायला बाया एकमेकींच्या चुलीतून निखारा नेत. रंगूबाईच्या चुलीवरून रिकामी कुणी गेली नाही, अगदी भांडण झालेली जाऊसुद्धा.

"हा विस्तव नाय! आबांचा जीव हाय तो!" राहुल ओरडला आणि फोन ठेवून दिला. मग त्यानं रागाच्या भरात पडवीचं बटण सोहारहून बंद केलं. थोड्याच वेळात कोंडमाळचं नेटवर्क गेलं आणि मोबाईलवरचे आकडे जागच्या जागी थिजले. बॅटरी निम्म्याच्याही बरीच खाली होती.

जवळचं तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून या भागातल्या परदेशी गेलेल्या पोरांना पावसाळ्यात घरचा फोन लागला नाही की अन्न जात नाही. राहुलचं तेच झालं. त्यातून आईवर ओरडलो, ही खंत वेगळीच. तो शिडीवर चढून लोकांचे एसी दुरुस्त करत होता, आणि त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता: आबांना पुरेल का?

दुसऱ्या दिवशी नेटवर्क परतलं तेव्हा तो संध्याकाळी जेवायच्या रांगेत होता. अडकून पडलेले आकडे एकदम मोबाईलवर आले. ताट तसंच हातात धरून त्यानं ते पाहिले. बॅटरी उतरत उतरत पार तळाला गेली होती. आणि मग चढली होती! आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर, ना लाईट ना ऊन, तरी भरत गेली होती. राहुलला यातलं कळत होतं, म्हणूनच त्याला काही कळेना. त्यानं फोन लावला.

"आबा?" तो एवढंच म्हणाला.

"हाय तुझा बा," रंगूबाई म्हणाली. "पेज पिऊन झोपलाय."

मग तिनं सांगितलं. पडवीतला प्लग मेला, तेव्हा तिनं चांगूला मोबाईल घेऊन माजघरात बोलावलं. नाकात नळी घातलेलं कुणी बघू नये म्हणून सदू दार लावून असायचा. दम लागतो एवढंच वाडीला ठाऊक होतं. चांगूनं ते मशीन पाहिलं, नळी पाहिली, भिंतीवरच्या बॅटरीकडे पाहिलं आणि मोबाईल न लावताच तो बाहेर गेला. परत आला तो पालखीच्या वेळी भोंग्याला लावतात ते जनित्र खांद्यावर घेऊन. मागून शेजारचा मंगेश, सारिका, सगळी वाडी. रस्ता बंद, पेट्रोल कुठलं मिळणार? प्रत्येकानं आपापल्या मोटारसायकलमधलं पेट्रोल काढून पाण्याच्या बाटलीत भरून आणलं होतं.

"तू दाखवलेल्या जागी मंगेशनं वायर लावली," ती म्हणाली. "विस्तव न्यायला येणारा हात हलवत येत नाय रे. येताना लाकूड घेऊन येतो."

ही आपली आई आहे याचा राहुलला इतका अभिमान वाटला, आणि स्वतःची इतकी लाज, की दोन्ही एकदम बोलता येईनात. शेवटी तो म्हणाला, "आये, पडवीचं बटण मी बंद केलं होतं."

"ठावं हाय."

"ठावं हाय?"

"तूच सांगितलं नव्हतंस, तिथनं बंद होतं म्हणून?"

"मग माणसांना काय सांगितलंस?"

"उंदरानं वायर कुरतडली, असं सांगितलं. लेकाचं नाव कशाला सांगू?" रंगूबाई म्हणाली. "चल, लाव आता. दिवेलागण झाली, चांगू पडवीत बसलाय."