ब्रिजिटबाईंच्या वहीतली अकरा नोव्हेंबर

ब्रिजिटबाईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी नाशिकहून सिल्वासाला नुकताच आलो होतो आणि धाग्याच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळत होतो. सकाळी सात वाजता पाळी बदलायची. त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटं झाली तरी माझ्या मशिनांवर माणूस नाही! शोधत गेलो तर सगळे कारखान्याच्या दवाखान्यासमोर रांग लावून उभे. मी तणतणत आत शिरलो. पांढऱ्या साडीतल्या एक नर्सबाई फळ्यावर खडूने लिहीत होत्या : "३ फेब्रुवारी. संत ब्लेझ. आज सर्वांनी घसा दाखवून जाणे."

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

बाईंनी शांतपणे वळून पाहिलं. "संत ब्लेझनी एका पोराच्या घशातला माशाचा काटा काढला होता. त्यांचा आज सण. म्हणून घसे बघतेय. तुमचाही दाखवा, ओरडून ओरडून बसलाय तो."

अहो, खरंच बसला होता. मिठाच्या गुळण्या करायला लावून त्यांनी मला परत पाठवलं आणि माणसं माझ्या मागोमाग आली.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला त्याला दोन महिने झाले. हा मी चौथ्यांदा लिहायला बसलोय. पहिले तीन खर्डे नीटनेटके होते. सेवाभाव, नियमितपणा, मायाळू स्वभाव, सगळं होतं त्यात. पण प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीपर्यंत आलो की उठून फेऱ्या मारायला लागायचो. बायको म्हणाली, "एवढं काय टोचतंय ते तरी लिहा." टोचतंय ते असं की, भिला नावाच्या आमच्या कामगाराची जन्मतारीख बाईंनी चुकीची लावली, असं आजही कारखान्यात म्हणतात. ती चूक बाईंची नव्हती. हे सांगितल्याशिवाय मी गौरव कसला करणार? पण ते सांगायला आधी बाईंची वही काय होती ते सांगावं लागेल.

बाई मूळच्या वसईकडच्या. सिल्वासाच्या चर्चमध्ये पहाटेची मिस्सा ऐकून त्या थेट कामावर यायच्या. त्यांच्याजवळ एक जुनं, कातडी बांधणीचं पुस्तक होतं. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक संत. मध्यंतरी रोमहून काही सणांच्या तारखा बदलल्या, पण बाईंनी नव्या धरल्या आणि जुन्याही सोडल्या नाहीत. संत मोनिका त्यांच्याकडे मे महिन्यातही यायच्या आणि ऑगस्टमध्येही. मी एकदा चिडवलं तर म्हणाल्या, "दोनदा हाक मारली म्हणून कुणी रागावतं का हो?"

ही भक्ती नुसती हात जोडण्याची नव्हती. संत लुसी डोळ्यांच्या, म्हणून तेरा डिसेंबरला सगळ्यांचे डोळे तपासायचे. संत अपोलोनिया दातांच्या, म्हणून नऊ फेब्रुवारीला तंबाखूवाल्यांची हजेरी. मला चष्मा लागलाय हे संत लुसींच्या कृपेने कळलं. त्याआधी वर्षभर मी मशिनांच्या गेजवरचे आकडे चुकीचे वाचून कामगारांवर डाफरत होतो. बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. फक्त मला म्हणाल्या, "आता माणसंही नीट दिसतील."

आणि वही. कारखान्यातल्या प्रत्येकाचं नाव त्याच्या जन्मदिवसाच्या संतापुढे लिहिलेलं. ज्याचा दिवस असेल त्याचं नाव सकाळी फळ्यावर यायचं आणि मिस्सेत बाई त्याच्यासाठी प्रार्थना करून आलेल्या असायच्या. एका साहेबांनी कुरकुर केली की बाई धर्म पसरवतात. बाई त्यांना म्हणाल्या, "मी कुणाला माझ्या देवाकडे नेत नाही, साहेब. माझ्या देवापुढे यांचं नाव घेते, एवढंच." साहेबांचाही दिवस दोन महिन्यांनी फळ्यावर आला. ते बराच वेळ फळ्यासमोर उभे होते.

आता गंमत बघा. आमचे बहुतेक कामगार धुळे-जळगावकडचे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांची जन्मतारीख एक जून ठोकून दिलेली! त्यामुळे अर्धाअधिक कारखाना एकट्या संत जस्टिनच्या गळ्यात. बाईंना ते पटेना. मी म्हटलं, "अहो, एक नोव्हेंबरला तुमचा सर्व संतांचा सण असतो ना? त्याच दिवशी सगळ्यांचं उरकून टाका."

"तुमची आई तुम्हां भावंडांना एकदमच हाक मारायची का?" बाईंनी विचारलं.

मग त्यांनी एक उद्योग काढला. सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, आईला विचारून ये. उत्तरं यायची ती अशी : आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी. श्रावणात कानबाई देवीचे रोट होते तेव्हा. पोळ्याला, बैल दारात उभे असताना. आता यातून इंग्रजी तारीख कोण काढणार? माझ्या वडिलांनी नाशिकच्या घरी ट्रंकभर जुनी पंचांगं जपून ठेवली होती. हे माझ्या तोंडून एकदा निघून गेलं आणि मी अडकलो; ट्रंक सिल्वासाला आणावी लागली. जेवणाच्या सुट्टीत बाई वही घेऊन यायच्या. मी तिथी काढायचो, तारीख लिहायचो, बाई पुस्तक उघडून संत शोधायच्या. संत सापडला की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू लग्न जुळलंय. मी कुरकुरत असायचो, पण मलाही त्याची गोडी लागली होती, हे कबूल करतो.

भिला हा धुळ्याकडचा कामगार. हाताने कसबी, पण दारूत बुडालेला. पगार झाला की तीन दिवस गायब. मी त्याला दोनदा काढायला निघालो होतो आणि दोन्ही वेळा बाई आड आल्या. त्याच्या आईने सांगून पाठवलं होतं, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, विहिरीला पाणी लागलं त्या वर्षी. आता विहिरीला पाणी कोणत्या वर्षी लागलं ते पंचांगात कुठे असतं? त्या दिवशी वीज दोनदा गेली होती, धागा तुटून मशिनांवर गुंता झाला होता आणि बाई वही घेऊन समोर उभ्या. माझं डोकं फिरलं. कसलं पंचांग नि कसलं काय. मनात आलं, या दारुड्याला कोणता संत पावणार आहे? समोर भिंतीवर कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान लटकत होतं. मी बाईंच्या हातातून वही घेतली आणि माझ्या निळ्या पेनने लिहून टाकलं : "भिला – ११ नोव्हेंबर."

बाईंनी पुस्तक उघडलं. "संत मार्टिन!" त्या म्हणाल्या. "थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला."

अकरा नोव्हेंबरला भिलाचं नाव फळ्यावर आलं. जन्मात पहिल्यांदाच त्याचं नाव हजेरी आणि तक्रार सोडून कुठे तरी लिहिलं गेलं होतं. बाईंनी त्याला झग्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी गेटवरचा म्हातारा वॉचमन अर्धी घोंगडी पांघरून बसलेला! भिलाने आपली नवी कोरी घोंगडी मधोमध कापून त्याला दिली होती. बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, आता दोघांचेही पाय उघडे पडणार!" सगळा कारखाना हसला. पण त्या दिवसापासून भिलाने दारू सोडली. दरवर्षी अकरा नोव्हेंबरला तो कुणाला तरी काहीतरी अर्धं द्यायचा आणि वर्षभराची शपथ पुन्हा घ्यायचा. बायकोला गावाहून आणलं, नरोलीला खोली घेतली, मुलगी झाली. मी हे सगळं बघत होतो. सुरुवातीला हसू यायचं. मग हसू येईनासं झालं.

अशी सहा वर्षं गेली. सातव्या दिवाळीला भिला गावी गेला आणि मामाच्या घरी त्याला एक जुनी वही सापडली. मामा शिकलेले होते. भाच्याचा जन्म त्यांनी तेव्हाच तिथी-तारखेसह लिहून ठेवला होता : सव्वीस नोव्हेंबर. गावाहून भिला परतला. अकरा नोव्हेंबर उजाडला, फळ्यावर त्याचं नाव लागलं, पण भिला कामावर आलाच नाही. बरोबरच्या पोरांनी सांगितलं, सकाळपासून पितोय. म्हणतोय, मला दुसऱ्याचाच दिवस दिला.

बाईंनी पिशवी उचलली. "दातारसाहेब, स्कूटर काढा." वाटेत, दमणगंगेचा पूल ओलांडताना, मला राहवेना. स्कूटर बाजूला घेतली आणि सगळं सांगून टाकलं. पंचांग उघडलंच नव्हतं, तारीख मनानेच ठोकून दिली होती, मनात काय होतं तेसुद्धा. बाईंनी पिशवी खांद्यावर सावरली. फक्त म्हणाल्या, "चला, उशीर होतोय."

भिला खोलीच्या उंबऱ्यात बसला होता. बायको मुलीला कडेवर घेऊन मागे उभी. आम्हाला बघून तो उठला नाही. डोळे लाल. "बाई," तो म्हणाला, "सहा वरीस मी ज्याच्या नावानं ऱ्हायलो, तो माझा नव्हताच. मंग मना दिन कोनता?"

मी तोंड उघडलं. बाईंनी मागे न बघताच हाताने मला थांबवलं.

"चूक माझी झाली, भिला," त्या म्हणाल्या. "मी भलतीच तारीख धरून पुस्तकाचं पान उघडलं."

मग त्या तिथेच, उंबऱ्याशी, जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "माझं ऐक. मला वसईला सिस्टरांच्या दारात कुणीतरी टाकून गेलं. किती दिवसांची होते कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी एक फेब्रुवारी होती, संत ब्रिजिटचा सण. सिस्टरांनी तीच माझी तारीख केली आणि तेच नाव ठेवलं. माझी आई कोण ते संत ब्रिजिटलाही ठाऊक नसेल. पण इतकी वर्षं तिने मला कधी परकी म्हटलं नाही. तू अर्धी घोंगडी दिलीस ती कुणाच्या तारखेने दिलीस? तुझ्याच हाताने दिलीस ना?"

भिला रडायला लागला, अगदी मुलासारखा, हुंदके देऊन. त्याची बायकोही रडली, आणि लपवत कशाला, मीही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भिला मशीनवर हजर होता. तेव्हापासून आजपर्यंत त्याने दारूला हात लावलेला नाही.

परतताना मी बाईंवर चिडलो. "तुम्ही का अंगावर घेतलंत? मी सांगणार होतो."

"माझी म्हणून राहिली तर ती चूक राहील," बाई म्हणाल्या. "तुमची म्हणून कळली तर ती चेष्टा होईल. चूक त्याला सोसेल, चेष्टा सोसणार नाही." आणि पुढे म्हणाल्या, "खोटं बोलले त्याची कबुली शनिवारी फादरांकडे देईन. तुम्ही गप्प बसायचं."

मी गप्प बसलो. इतकी वर्षं बसलो. बाईंची तारीख चुकली, पुस्तकच जुनं होतं त्यांचं, असं कँटीनमध्ये कुणी म्हटलं की मी अर्ध्या ताटावरून उठायचो. बाईंच्या कानावर गेलं तर त्या नुसतं हसायच्या. आणि आता या स्मरणिकेत मी त्यांची थोरवी गायची आणि तो डाग त्यांच्याच पदराला ठेवायचा? छे! मला नाही जमणार.

पण छापण्याआधी भिलाला तोंडाने सांगायला हवं होतं. गेल्या रविवारी नरोलीला गेलो. मुलगी आता मोठ्या इयत्तेत आहे, तिने चहा आणला. मी चहाला हात न लावता घडाघडा सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसलो.

भिला म्हणाला, "साहेब, चहा घ्या. मला तवाच ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"बाईंची वही मी बघितली होती ना. बाकी समद्या तारखा बाईंच्या हातच्या, नाय तर तुम्ही पंचांग बघून बारीक लिहिलेल्या. माझी एकटी मोठ्ठी, निळ्या पेनाची, रागानं दाबून लिहिलेली. पान मागून उमटलं होतं. तुमचा हात मी वळखत नाही का? रोज मेमो देत होता मला."

"मग त्या दिवशी परत कसा आलास?" मी कसंबसं विचारलं.

"बाई कधी खोटं बोलत नाहीत, साहेब. देवाला भिणारी बाई. ती माझ्या उंबऱ्यात बसून माझ्यासाठी खोटं बोलली." भिलाने डोळे पुसले. "माझ्यासाठी एवढं कोनी केलं नव्हतं. मंग अकरा काय नि सव्वीस काय."

तेव्हा बाई, हा लेख तुमच्या परवानगीशिवाय छापतोय. रागवा हवं तर. भिलाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तोही गप्प होता. तुमची चूक नव्हती, माझी होती, हे आता कारखान्यात सगळ्यांना कळू दे.

राहिल्या शुभेच्छा. समिती एक फेब्रुवारीला तुमची साठी साजरी करणार आहे. जरूर करावी, मी हार घेऊन पुढे असेन. पण तुमचा खरा दिवस कोणता, हे मला पंचांगांची अख्खी ट्रंक उपसूनही काढता येणार नाही. म्हणून भिलाने आणि मी मिळून एक हिशेब केलाय. आम्ही दोघे रोज सकाळी सात वाजता, पाळी बदलताना, तुमचं नाव घेतो. तो त्याच्या कानबाईपुढे घेतो, मी कुणापुढे ते मला अजून उमगलेलं नाही. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी एक दिवस तरी नक्की तुमचाच असतो. त्या दिवशीही, आणि उरलेल्या सगळ्या दिवशीही, बाई, तुम्ही धडधाकट राहा, खूप जगा, आणि आमचे घसे तपासत राहा.